डबाभर डिझेलवर मलकापूर

आमच्या घरात मोटार आली ती बाबांच्या पायामुळे. बैलगाडी उलटून त्यांचा उजवा पाय मोडला आणि हाडवैद्याने तो असा काही बसवला, की गुडघ्यात पुन्हा वाकलाच नाही. चालायला अडचण नव्हती. बाबा चालायचे झोकात, काठीबिठी न घेता, पाय जरासा बाहेरून फिरवून टाकत. पंचाईत होती ती बसण्याची. एसटीत बसले की पाय मधल्या वाटेत आडवा. दुसरबीडहून मेहकर येईपर्यंत त्याला दहा-बारा माणसं तरी अडखळायची, आणि प्रत्येक माणूस आधी पायाकडे आणि मग बाबांच्या तोंडाकडे बघायचा. एकदा एक बाई अंड्यांच्या टोपलीसकट पडली. बाबांनी तिचं नुकसान भरून दिलं, पुढच्या थांब्यावर उतरले, आणि त्यानंतर कधी एसटीत चढले नाहीत.

मग ते लोकांच्या गाड्यांत बसून बघायला लागले. आपण दुकानात चपला घालून बघतो ना, तसे. डॉक्टरांची गाडी झाली, ठेकेदाराची जीप झाली, तालुक्याच्या साहेबांची सरकारी गाडीही झाली. सगळीकडे पाय अडला आणि बाबा खेकड्यासारखे तिरपे बाहेर आले. शेवटी मलकापूरला, एका जिनिंगवाल्या शेठजींच्या आवारात, एक जुनी अमेरिकन गाडी उभी दिसली. माजघराएवढी. पुढे या दारापासून त्या दारापर्यंत एकच सलग सीट, आणि तिच्यासमोर एवढी जागा की तिथे शेळी बांधावी. बाबा डाव्या बाजूला बसले, पाय लांब सोडला, आणि अंगठा कशालाच टेकला नाही. त्यांनी डोळे मिटले. शेठजींना वाटलं, पाव्हण्यांना चक्कर आली. बाबांनी डोळे उघडले ते गाडीचे मालक होऊनच.

गाडी झकास होती. पेट्रोल मात्र ती अशी प्यायची की पंपावरचा माणूस आम्हाला बघितल्यावर खुर्चीवरून उठून उभा राहायचा. मलकापूर आमच्यापासून दीडशे किलोमीटर. त्याला दोन डबे पेट्रोल लागायचं. डबा म्हणजे आपला नेहमीचा पत्र्याचा, अठरा लिटरचा. आमच्या घरात लिटर कुणी बोलत नसे. रॉकेल, गोडं तेल, डिझेल, सगळं डब्यात मोजलं जायचं. पेट्रोल जोवर परवडत होतं तोवर बाबा त्या गाडीतून खूप फिरले. लग्नं, बाजार, जत्रा, कोर्टातल्या दुसऱ्यांच्या तारखा. मग अरबांनी तिकडे नळ आवळला, पेट्रोल आवाक्याबाहेर गेलं, आणि मिळायचं तेही रांगेत. बाबांनी एका सकाळी गाडी मळ्यातल्या चिंचेखाली लावायला सांगितली. म्हणाले, "माह्या एका पायासाठी दोन डबे तेल जाळू नका."

त्यानंतर दीड वर्ष बाबा फाट्याच्या पुढे गेले नाहीत. रोज सकाळी चहाचा कप घेऊन उभ्या गाडीत जाऊन बसायचे, दार उघडं टाकून, पाय लांब सोडून, समोरच्या रस्त्याकडे बघत.  

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं. ती मलकापूरला दिलेली. तिथे त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि वैशाखात वास्तुशांत धरली होती. लेकीच्या वास्तूला माहेरचा आहेर लागतो, आणि तो बापानं न्यायचा. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं की बाबा उंबरठा ओलांडून आत येईपर्यंत मी पाटावर बसणार नाही, आणि भटजींना तसं सांगून ठेवलं आहे. बहीण सगळी बाबांवर गेलेली. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "एका डब्यात नेत असान त येतो. नाही त आहेर घेऊन तुमी जा."

एका डब्यात ती गाडी चिखलीपर्यंतसुद्धा जात नव्हती. ते बाबांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. नाही म्हणायची ती त्यांची रीत होती, एवढंच.

मी तेव्हा सत्ताविशीत होतो आणि घरातला इंजिनिअर होतो. म्हणजे औरंगाबादला मोटार मेकॅनिकच्या कोर्सला सहा महिने होतो. सातव्या महिन्यात मला घरच्या जेवणाची आठवण अनावर झाली. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, मळा तोच सांभाळायचा. तो मला इंजिनेरसाहेब म्हणायचा ते या सहा महिन्यांच्या जोरावर. मी जगातली कुठलीही वस्तू उघडू शकत असे, आणि घरातले लोक ती मी उघडण्याआधी लपवू शकत असत.

तर विहिरीवर आमचं डिझेलचं इंजिन होतं. बहिणीचं पत्र आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी वांग्यांना पाणी देत बसलो होतो. सकाळी त्यात लहानशा मापाने तेल ओतलं होतं, आणि दुपार झाली तरी ते धडधडतच होतं. तेवढ्या पेट्रोलात आमची मोटार सुलतानपूरच्या अलीकडेच बसली असती. मी उठलो, वांगी तशीच सोडली, आणि चिंचेखाली जाऊन मोटारीचं बॉनेट उघडलं. मोठ्या शहरांतले टॅक्सीवाले तेव्हा जुन्या गाड्यांना सर्रास डिझेल इंजिन बसवत होते, असं मला पुढे कळलं. पण त्या दिवशी माहीत नव्हतं. त्यामुळे तो शोध माझाच, असं मी अजून धरून चालतो. इकडे वांग्यांत गुडघाभर पाणी झालं होतं, आणि दादाने त्या शोधाबद्दल मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

मेहकरला एक मिस्त्री होता. ट्रकांच्या डिझेल पंपांचं काम करायचा. बोलायचा इतकं कमी, की त्याच्यासमोर आपण उगाच वटवट करतोय असं वाटायचं. मी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बसते. पण गाडीचं तोंड बिघडते." मी म्हटलं, बिघडू दे.

इंजिन जालन्याच्या भंगार बाजारात मिळालं. एका दुधाच्या गाडीचं होतं. गाडी दरीत गेली, इंजिन वाचलं. ते रिकाम्या पोत्यांच्या ट्रकवर लादून मळ्यात आणलं तेव्हा आईने त्याला हळदकुंकू लावलं आणि नवी सून आल्यासारखं भोवती फिरून बघितलं. "लहान आहे," म्हणाली. लहान कसलं, चार माणसांना उचललं नाही ते.

पुढे गाडी आणि इंजिन दोन्ही मेहकरला नेलं. मिस्त्रीच्या गॅरेजात कडुलिंबाच्या फांदीला साखळी अडकवून जुनं इंजिन वर काढलं आणि नवं खाली सोडायला घेतलं, तेव्हा खरी अडचण कळली. जुनं इंजिन लांबोळकं होतं, नवं आखूड पण उंच आणि रुंद, आणि त्याचा डिझेलचा पंप नेमका डाव्या अंगाला. मिस्त्रीने इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्यावर खडूने रेघ ओढली. एवढा पत्रा कापून नऊ इंच आत घुसायचं, म्हणजे सगळं नीट बसतं. मी खिशातून सुतळी काढली. बाबांच्या पायाची लांबी मी तिच्यावर गाठ मारून आणली होती. सहा महिन्यांच्या शिक्षणात एवढी एकच शहाणपणाची गोष्ट मी केली. सीटपासून सुतळी धरली. नऊ इंच आत आले तर अंगठा पत्र्याला टेकत होता. टेकत होता म्हणजे चांगला दुमडत होता.

"हा पत्रा कापाचा नाही," मी म्हणालो.

"काऊन?"

"इथी बाबाचा पाय राह्यते."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, सुतळीकडे बघितलं. मग मी त्याला पाय, एसटी, अंडी, बहिणीचं पत्र, सगळं सांगितलं. मी आयुष्यात फार ठिकाणी ठाम राहिलेलो नाही. माझी बायको तर म्हणते, लग्नाच्या वेळीसुद्धा हो म्हणायला तुम्ही आधी दादांकडे बघितलं होतं. पण त्या दिवशी मी त्या पत्र्यासमोर उभा राहिलो तो हललो नाही. मिस्त्री उठला, चहा पिऊन आला, आणि फडक्याने खडूची रेघ पुसून टाकली. इंजिन मागे जात नाही ना, मग पुढे जाऊ दे.

इंजिन नऊ इंच पुढे गेलं. त्यामुळे पंखा रेडिएटरला लागायला लागला, म्हणून रेडिएटर पुढे गेला. रेडिएटरला बॉनेटखाली जागा उरली नाही, म्हणून तो नाकाच्या बाहेर आला. उघडा कसा ठेवायचा, म्हणून लोहाराकडून त्याच्यासमोर सळयांची जाळी करून घेतली. लोहाराने आयुष्यभर खिडक्यांच्याच जाळ्या केलेल्या. त्याने जी केली ती खिडकीचीच झाली. समोरून बघितलं तर वाटावं, एखादं घर रस्त्याने चालून येतंय आणि खिडकीत कुणी नाही. कागदपत्रांवर इंजिनाचा नवा नंबर चढवून घेतला आणि चैत्र लागता लागता गाडी घरी आणली.

आवाज विहिरीवरच्या इंजिनासारखा. ताशी चाळीसच्या पुढे गेली की चारही दारं आपसात बोलायला लागायची, आणि आरशात मागची वस्तू एक न दिसता पाच-सहा दिसायच्या. कोंबड्या दोन दिवस मळ्यात परत आल्या नाहीत. बाबा चिंचेखाली उभे राहून ऐकत होते. मग डाव्या बाजूला जाऊन बसले, पाय सोडला. पाय मावला. "विहिरीवर बसल्यासारखं वाटते," म्हणाले. बाबांच्या भाषेत ही स्तुती होती. त्या दिवसापासून ते संध्याकाळीही गाडीत बसायला लागले.

आता राहिलं ॲव्हरेज. मी हिशेब केला की चिखली अर्ध्या वाटेच्या थोडी पलीकडे आहे. टाकी रिकामी करून अर्धा डबा डिझेल ओतायचं आणि चिखलीकडे निघायचं. चिखली गाठली, तर एका डब्यात मलकापूर नक्की. गाडी बंद पडेल तिथून परत यायला आणखी तेल सोबत.

पहिल्या दिवशी गाडी चिखलीच्या अलीकडे वीस किलोमीटरवर थांबली. डिझेल संपलं की पेट्रोलच्या गाडीसारखं नुसतं ओतून भागत नाही. नळीत हवा शिरते, ती पान्याने नट ढिला करून, हाताने पंप मारून मारून काढावी लागते. मी ते करत असताना गाडीतली नऊ माणसं खाली उतरून माझ्याभोवती उभी राहिली आणि आपापल्या परीने सल्ला देत होती. दुसऱ्या खेपेच्या आधी मिस्त्रीने इंजिनात तेल फवारणारे नोजल काढून साफ केले. गाडी पुन्हा तिथेच, त्याच बाभळीजवळ थांबली. तिसऱ्या खेपेला त्याने पंपाचं टायमिंग बदललं, जादा तेल टाकीत परत नेणारी नळी तपासली. गाडी बाभळीच्याही दोन किलोमीटर अलीकडे बसली.

दादा म्हणाला, "इंजिनेरसाहेब, बहिणीले चिठ्ठी टाका. घर चिखलीच्या अलीकडे बांध म्हणा."

 त्या संध्याकाळी बाबा गाडीकडे गेले नाहीत. खुर्ची ओसरीवर मागवून घेतली आणि पाय समोरच्या पायरीवर टेकून बसले.  वास्तूला आठ दिवस उरले होते. आईने आहेराचं धोतर-लुगडं पेटीतून काढून पुन्हा पेटीत ठेवलं.

मी मेहकरला जाऊन मिस्त्रीला तिसरा निकाल सांगितला. दादाचा टोमणाही सांगितला, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. मिस्त्रीचा चेहरा उतरला. माझ्या पंपात खोट नाही, म्हणाला. उद्या मी स्वतः येतो, माझ्यासमोर गाडी काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो आला. मळ्यात पोचला तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे टेस्टिंगची तयारी करत होतो. गाडी कांद्याच्या चाळीला मागून लावलेली, डिकी उघडी, आणि दादा आणि गडी मिळून आत पोती सारत होते. कांदा नुकताच निघाला होता. दोन पोती सुलतानपूरच्या आत्याकडे, दोन मेहकरच्या बाजाराला, एक चिखलीच्या व्याह्यांना. वर वांग्यांच्या दोन डाल्या. मागच्या सीटखाली मेथीच्या जुड्या ओल्या फडक्यात. आई उभी राहून काय राहिलं ते सांगत होती.

मिस्त्री बांधावर बसला. आत जाणारी पोती बोटांवर मोजत होता.

"टेस्टिंगले रोज असंच नेता?" त्याने मला विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

आई म्हणाली, "मळ्यातून गाडी रिकामी काढाची काय बाप्पा?"

आता हे कसं समजावून सांगू? भाजीपाला पिकवणाऱ्या घरात गाडी, मग ती बैलाची असो की अमेरिकेची, रिकामी फाटकाबाहेर पडत नाही. तसा नियम कुणी केला नव्हता. पाणी उताराकडे जातं तसा माल गाडीत जायचा. मी तीनदा ती गाडी चालवली, चढावर तिचं कण्हणं ऐकलं, इंजिन बदललं, टायमिंग बदललं, नशीब बदलायची वेळ आली, पण डिकीत साडेतीन क्विंटल कांदा आहे हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. कांदा म्हणजे काय वजन असतं? कांदा असतोच.

मिस्त्री माझ्यासोबत गाडीत बसला. फाट्यावर आलो तर आठ-नऊ माणसं गाठोडी घेऊन उभी. एक म्हातारा माझ्यावरच रागावला की आज टेस्टिंगले उशीर काऊन. गावात तोवर बातमी झाली होती की यांची टेस्टिंग चिखलीकडे जाते, फुकट नेते, आणि बाभळीपर्यंत तर हमखास. लोकांनी त्या हिशेबाने बाभळीजवळच्या वस्तीवर सोयरिकीच्या गाठीभेटीसुद्धा ठरवायला सुरुवात केली होती.

मिस्त्रीने गाडी थांबवायला लावली. सगळ्यांना हात जोडले. मग आम्ही परत मळ्यात आलो आणि त्याने स्वतःच्या हाताने एकेक पोतं खाली उतरवलं. आई दुखावली. शेवटची वांग्यांची डाली उतरवताना तो हसायला लागला. हा माणूस हसलेला मेहकरात कुणी बघितला नसावा. "भाऊ," तो म्हणाला, "एवढं ओझं एवढ्या तेलात ट्रक बी नेत नाही. अन् तुमी मले नोजल साफ कराले लावता."

टाकी रिकामी केली, अर्धा डबा मोजून ओतला, आणि आम्ही दोघेच निघालो. गाडी ती राहिलीच नव्हती. मेहकर गेलं. बाभळ आली, मी सवयीने पाय ब्रेककडे नेला, आणि बाभळ मागे गेली. चिखलीचा बाजार आला, तोही गेला. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. बोललो तर तेल संपेल असं वाटत होतं. बुलढाण्याची पहिली घरं दिसली तेव्हा कुठे इंजिनाने आचका दिला. मिस्त्रीने खाली उतरून त्या खिडकीच्या जाळीवर हात ठेवला, जाळी तापलेली होती, तरी ठेवला. मग तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला. तो काळा पंजा शर्टावरून कधी गेला नाही आणि तो शर्ट मी बरीच वर्षं टाकू दिला नाही.

घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, तुम्ही दोघंच गेले, दोघंच आले. मी काही पाह्यलं नाही.

म्हणून मिस्त्रीने शेवटची युक्ती केली. टाकीला सुट्टी. वास्तूच्या दिवशी डिझेलचा भरलेला डबा मागच्या सीटपुढे घट्ट बांधला आणि दोन नळ्या त्यातच सोडल्या, एक तेल नेणारी, एक उरलेलं परत आणणारी. आईच्या हाती मी तुरीची वाळकी काडी दिली. काडी डब्यात बुडवायची आणि किती ओली झाली ते मोठ्याने सांगायचं. बाबांच्या डोळ्यांदेखत.

पहाट फुटताच निघालो. मी चालवायला, डावीकडे बाबा, मागे आई आणि दादा. दादा आधी येत नव्हता. मग म्हणाला, बंद पडली त ढकलाले कोणी पायजे. आहेराची एक पेटी, बाकी काही नाही, अशी सक्त ताकीद होती. फाट्यावर माणसं उभी होतीच. दादाने खिडकीतून सांगितलं की आज टेस्टिंग नाही. भरल्या रस्त्यावरून रिकामी गाडी न्यायची बाबांना फार लाज वाटली. ते मांडीवरच्या टोपीकडे बघत बसले. पण तो रागीट म्हातारा पुढे आला, खिडकीतून बाबांच्या सरळ पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "जाऊन या बाबाजी. आमी उद्या जाऊ."

मेहकरला आईने काडी बुडवली. तीन चतुर्थांश ओली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आरशात आई नेहमीपेक्षा वीतभर उंच दिसते आहे. आरसा हलत होता म्हणून आधी मनावर घेतलं नाही. दादाने उठवून बघितलं तर आई कांद्याच्या अर्ध्या पोत्यावर बसली होती. लेकीच्या नव्या घरी काय हात हलवत जायचं, म्हणाली. कुणाचीच ते उतरवायची हिंमत झाली नाही. वाद घालण्यातही तेल जातं.

चिखलीला काडी अर्ध्याच्या वर.  बुलढाण्याला अर्ध्याच्या किंचित खाली. वैशाखाचं ऊन, नाकावरच्या रेडिएटरमधून वाफ निघत होती, पाणी घालायला दोनदा थांबलो. पुढे राजूर घाट उतरायचा होता. बुलढाण्याहून मलकापूर म्हणजे गच्चीवरून अंगणात उतरण्यासारखं. गाडी गिअरमध्ये आपल्या वजनानेच उतरत होती. आईने घाटाच्या पायथ्याशी काडी बघितली आणि म्हणाली, हाललंच नाही. दादा म्हणाला, "उतारावर त बैलगाडी बी ॲव्हरेज देते." पण त्याचा आवाज पूर्वीचा नव्हता. थोड्या वेळाने त्याने आईच्या हातातून काडी घेतली आणि मोताळ्यापासून पुढे डबा स्वतःच बघायला लागला, दर दहा मिनिटांनी.

बाबा समोर बघत होते. दीड वर्षात त्यांनी न बघितलेला रस्ता काचेतून त्यांच्याकडे येत होता. कुठल्या मळ्यात नवी विहीर झाली, कुणाचं झाड तुटलं, हे ते हळू आवाजात स्वतःलाच सांगत होते. पाय सगळा लांब, आणि अंगठ्यापुढे नऊ इंच मोकळे. ते नऊ इंच मी चालवता चालवता दोनदा बघून घेतले.

बहिणीचं घर रस्त्यालाच होतं. आमचा आवाज तिने दोन गल्ल्या आधी ओळखला असणार, कारण आम्ही वळलो तेव्हा ती नव्या लुगड्यात दारात उभी होती. तिच्या मागे भटजी हातातल्या घड्याळाकडे बघत होते आणि जावई भटजींकडे. मुहूर्ताला थोडाच वेळ राहिला होता. बाबा उतरले. पाय बाहेरून फिरवून उंबरठ्यावरून आत टाकला, मग दुसरा. बहिणीने वाकून नमस्कार केला आणि जाऊन पाटावर बसली. भटजींनी सुरू केलं.

बाहेर दादाने काडी डब्यात बुडवली. चार बोटं ओली निघाली. चार बोटं शिल्लक. तो ती काडी उभी धरून, थेंब सांडू न देता, मांडवात घेऊन गेला आणि होम चालू असताना पाव्हण्यांच्या ओळीतून फिरून एकेकाला दाखवायला लागला. दुसरबीडहून आलो, एका डब्यात, अन् हे उरलं. आमच्या इंजिनेरानं केलं. त्याला तेव्हा मी मागे उभा आहे हे माहीत नव्हतं. मी लगेच तिथून सरकलो, म्हणजे त्याला लाज वाटायला नको. आणि मला आणखी थोडं ऐकायचं होतं, म्हणून फार लांब गेलो नाही.

जेवणं झाली. ऊन कललं. मी गाडीला पाणी घालत होतो, तर बाबा येऊन डावीकडे बसले.

"डब्यात किती राह्यलं?"

"चार बोटं, बाबा."

"मंग उभं काय राह्यला? चाल, गाव पाहू."

हे ते बाबा, ज्यांनी पायासाठी तेल जाळू नका म्हणून दीड वर्ष चिंचेखाली काढलं होतं.  आम्ही दोघेच निघालो. कापसाचा बाजार बघितला, वैशाखात तिथे कापूस नव्हता तरी बघितला. नव्या दुकानांच्या रांगेपुढून दोनदा गेलो. मग रेल्वेच्या फाटकाशी आलो, तर फाटक पडलेलं. मी सवयीने इंजिन बंद केलं.

"बंद काऊन केली बे?" बाबा म्हणाले. "राहू दे चालू."

मी पुन्हा सुरू केलं. सगळी गाडी थरथरायला लागली. मालगाडी आली, नागपूरकडून मुंबईकडे चालली होती. बाबा एकेक वाघीण मोजत होते, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. मी बाबांकडे बघितलं.

"अजून एक येऊ दे," ते म्हणाले.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, फाटकाकडे तोंड करून, आणि इंजिन चालूच ठेवलं.